ट्रिपल ए, चौपट ए आणि गोदीतला ए-वन

प्रश्न असा आहे : 'व्हिडिओ गेमच्या जाहिरातींत "ट्रिपल ए गेम" असं सारखं वाचतो. मराठीत त्याला "सर्वोत्कृष्ट दर्जाचा खेळ" म्हणावं का? आणि इंडी, गोल्ड, गेम ऑफ द इयर एडिशन यांना काय म्हणायचं?'

नाही, म्हणू नये. कृपा करून म्हणू नये. 'ट्रिपल ए'चं दर्जाशी नातं असलंच तर फार लांबचं आहे. ज्या गेमवर कंपनीने पैसा ओतलाय, शेकड्याने माणसं लावलीत, जाहिरातीवर जवळपास बनवण्याइतकाच खर्च केलाय, तो ट्रिपल ए. हा शब्द रुळू लागला त्या काळातला ठळक गेम म्हणजे १९९७चा फायनल फँटसी सेव्हन. तो करायलाच चार कोटी डॉलरच्या वर गेले. गेम चांगला निघाला ही त्याची पुण्याई, अक्षरांची नव्हे.

उलट उदाहरण घ्या. सायबरपंक २०७७ हा ट्रिपल एचा अगदी मासलेवाईक नमुना. १० डिसेंबर २०२०ला तो आला आणि सोनीच्या जुन्या प्लेस्टेशन ४ या खेळयंत्रावर असा काही ठेचकाळत चालला की आठवड्याभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून तो उचलला आणि लोकांना पैसे परत द्यायला घेतले. दुकानात परत यायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. त्या सहा महिन्यांत त्याचा एकही ए गळाला नाही. गळणार कसा? खर्च तर झालेलाच होता.

तरीही 'आमचा आगामी ट्रिपल ए गेम' असं ऐकलं की लोक माना डोलावतात. अहो, आगामी! परीक्षेला बसायच्या आधीच गुणवत्ता यादीत नाव, असला प्रकार आहे हा.

बाकीचे शब्द उरकून टाकतो. इंडी म्हणजे इंडियन नव्हे. मोठ्या प्रकाशकाच्या पैशाशिवाय, छोट्या चमूने केलेला गेम तो इंडी. 'इंडिपेन्डन्ट'चं शेपूट तोडलंय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) इंडीही आहे आणि इंडियनही, तेव्हापासून हा घोळ वाढलेला दिसतो. 'गेम गोल्ड झाला' म्हणजे मूळ प्रत तयार होऊन छापायला सोडली. त्यात सोनं शोधू नका : वरचाच सायबरपंक ५ ऑक्टोबरला गोल्ड झाला आणि २७ ऑक्टोबरला आणखी २१ दिवस पुढे ढकलला गेला. 'गेम ऑफ द इयर एडिशन'चा अर्थ एवढाच, की कोणीतरी कुठेतरी वर्षातला उत्तम गेम म्हणून याला निवडलं होतं, आणि आता मागाहून आलेल्या सगळ्या पुरवण्या एकाच डब्यात मिळतील. ते 'कोणीतरी' कोण, हे ठरवणारी एकच एक संस्था नाही.

आता खरी गंमत. हे तीन ए आले कुठून?

जाणकार म्हणवणारे तीन उत्तरं देतात. पहिलं, अमेरिकन शाळेतल्या श्रेणीवरून. मग ए प्लस का नाही? दुसरं, बेसबॉलवरून. हे सांगणाऱ्यांनी बेसबॉल बघितलेला नसावा, कारण तिथे १९४६पासून ट्रिपल ए ही मुख्य लीगच्या खालची पायरी आहे. 'आमचा गेम मुख्य संघात घेण्याच्या लायकीचा नाही' असं कोण डब्यावर छापेल? तिसरं तर निव्वळ विनोद आहे : 'अ लॉट' ऑफ टाइम, 'अ लॉट' ऑफ रिसोर्सेस, 'अ लॉट' ऑफ मनी. विनोद म्हणून झकास, पण लोक तो व्युत्पत्ती म्हणून सांगत सुटले आहेत. (रिमोटच्या सेलवरून आला असं अजून कोणी म्हटलेलं नाही, हे नशीब. तिथे जितके ए जास्त तितका सेल बारीक.)

शब्द बहुधा आला आहे रोख्यांच्या, म्हणजे कंपन्यांच्या कर्जाच्या कागदांच्या, बाजारातून. जॉन मूडीने १९०९मध्ये अमेरिकन रेल्वे कंपन्यांच्या रोख्यांना अक्षरांत प्रतवारी द्यायला सुरुवात केली. त्याच्या मूडीज कंपनीच्या घरात आजही पहिला ए थोरला, म्हणजे कॅपिटल, आणि पुढचे दोन धाकट्या लिपीतले. प्रतवारी देणाऱ्या इतर कंपन्यांकडे तिन्ही थोरले. अर्थ एकच : इथे लावलेला पैसा बुडण्याची भीती सगळ्यांत कमी. कंपनी चांगली की वाईट, तिची रेल्वे वेळेवर धावते की नाही, याबद्दल ते अक्षर एक शब्दही बोलत नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी गेम विकणाऱ्यांनी तेच उचललं. येऊ घातलेल्या कुठल्या गेमचे डबे मागवून ठेवले तर हमखास खपतील, एवढाच त्यांचा सवाल होता. म्हणजे ही खूण खेळणाऱ्याकरता नव्हतीच, दुकानदाराकरता होती. ती दुकानदारांच्या बोलण्यातून बाहेर कशी आली आणि पोराटोरांच्या तोंडी कशी बसली, हा जाहिरातवाल्यांचा पराक्रम.

आणि रोख्यांतही ती खूण किती टिकाऊ? आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातली, रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणारी आयएल अँड एफएस कंपनी आठवा. २०१८मध्ये देणी थकल्याची बोंब झाली, त्याच्या काही आठवडे आधीपर्यंत तिच्या नावापुढे तीन ए दिमाखात उभे होते.

पण मूडीकडे थांबणं हा आळस आहे. अक्षराने प्रत लावायची ही खोड त्याहून बरीच जुनी आणि खारट पाण्यातली आहे. लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात जहाजवाले आणि विमेवाले जमत. त्या परंपरेतल्या मंडळींनी १७६०मध्ये जहाजांची नोंदवही ठेवणारी संस्था काढली. जहाज बुडेल की तरेल हे कळल्याशिवाय विमा उतरवायचा कसा? म्हणून सांगाड्याला स्वरांत प्रत दिली : ए, ई, आय, ओ, यू. ए सर्वांत धडधाकट, यू म्हणजे देवाचं नाव घ्या. नांगर, दोरखंड, शिडं वगैरे सरंजामाची प्रत वेगळी. ती पुढे आकड्यांत आली. १७७५-७६च्या नोंदवहीत दोन्ही शेजारी आले, आणि सांगाडा ए, सरंजाम १ असं जहाज झालं ए-१.

तोच आपला 'ए-वन'! 'काम एकदम ए-वन झालं', ए-वन चहा, ए-वन टेलर, ए-वन गॅरेज. काही भाषाप्रेमी सांगतात की हे 'ए ग्रेड नंबर वन'चं लघुरूप आहे. कशावरून? कारण तसं वाटतं म्हणून. वाटण्यावर व्युत्पत्ती ठरत नसते. शब्द जहाजाचा आहे याला छापील नोंदवही साक्षीला आहे. माझं तर ठाम मत आहे की मुंबईत तो इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकातून आलाच नाही, गोदीतून आला. माल चढवणारे, दलाल, विम्याचे कारकून यांच्या तोंडून तो बाजारात उतरला. म्हणून तर इंग्रजीचा गंध नसलेला माणूससुद्धा तो न बिचकता सहज बोलतो, आणि इंग्रजी शाळेतली मुलं मात्र 'ऑसम' म्हणतात.

या ए-१मधली मला आवडणारी गोष्ट अशी, की त्यासाठी माणसाला जहाजावर चढून बघावं लागे. फळ्या ठोकायच्या, दोर ताणून बघायचे, मग अक्षर. आपल्या 'बावनकशी'तही कस आहे. दगडावर घासल्याशिवाय तो लागत नाही. रोख्यांना ए देणारा हिशेबाच्या वह्या तरी चाळतो. गेमचा ए मात्र मालकच आपल्या मालाला देतो, तोही माल तयार व्हायच्या आधी.

परक्याने तपासून शिक्का मारायचा एक प्रयत्न गेमच्या धंद्यातही झाला होता. १९८३च्या सुमारास अमेरिकेत रद्दी गेमचा सुळसुळाट होऊन बाजार कोसळला. १९८५मध्ये निन्टेन्डो ही जपानी कंपनी आपलं खेळाचं यंत्र घेऊन तिथे उतरली ती सोनेरी शिक्क्यासकटच, आणि त्यावर चक्क 'क्वालिटी' हा शब्द होता. इतरांनी केलेला गेमही कंपनीच्या मंजुरीशिवाय त्या यंत्रात चालत नसे, तशी चिपच बसवलेली होती. २००३मध्ये अमेरिकेतल्या शिक्क्यावरून 'क्वालिटी' गुपचूप गळलं. नुसता शिक्का राहिला. आपल्याकडे त्याच यंत्राच्या नकला घरोघरी होत्या आणि कॅसेटवर '९९९९९९ इन १' लिहिलेलं असायचं; आत तेच पाचपंचवीस गेम फिरून फिरून. त्या लेबलाला निदान कोणी दर्जा म्हणत नव्हतं.

मूळ मुद्दा राहिला. फेब्रुवारी २०२४मध्ये युबिसॉफ्टचा गेम आला, स्कल अँड बोन्स. सत्तर डॉलर किंमत जरा जास्त नाही का, असं विचारल्यावर कंपनीचे प्रमुख ईव्ह गियमो म्हणाले की हा ट्रिपल, छे, क्वाड्रुपल ए गेम आहे. चार ए! आणि गेम कशावर? जहाजांवर. तोही सतराव्या शतकातल्या हिंदी महासागरात, आपल्याच दारात. म्हणजे जहाजावरून निघालेलं अक्षर अडीचशे वर्षांनी जहाजावरच परत चढलं, फक्त मधल्या मधे फळ्या ठोकून बघणारा माणूस गायब झाला. समीक्षकांनी मात्र ठोकून बघितलं आणि बेताचेच गुण दिले.

हां, प्रतिशब्द. 'बड्या बजेटचा गेम' लिहा. इंडीला इंडीच राहू द्या. गोल्डला 'छपाईला गेला', आणि त्या एडिशनला 'पुरवण्यांसकट आवृत्ती'. 'सर्वोत्कृष्ट दर्जाचा खेळ' लिहायचंच असेल, तर आधी तो खेळून बघा.