चौदा मिनिटांचं गाणं आणि मधेच बर्थडे

गेल्या महिन्यात या सदरात जाता जाता एक ओळ लिहिली होती, की गोव्यात प्रोग रॉक (म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक गाण्यांचं, मधेच ठेका बदलणारं) वाजवणारी पोरं आहेत पण त्यांना बसून ऐकणारी माणसं नाहीत. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी छापणं शक्य नाही, पाच घेतलीयत.

प्रश्न : मी डिचोलीचा, कॉलेजात सेकंड इयरला आहे. यूट्यूबवर ऐकता ऐकता प्रोग रॉकचं वेड लागलंय. पण गोव्यातले बँड शोधायला गेलो की नुसते डीजेच येतात. इथे असे बँड आहेत तरी का? असतील तर नावांची लिस्ट द्या ना.

अरे, 'प्रोग्रेसिव्ह' आणि 'गोवा' हे दोन शब्द एकत्र टाईप केलेस की डीजेच येणार. आपल्याकडे त्या शब्दावर ट्रान्सवाल्यांनी कधीच बस्तान बसवलंय, प्रोग्रेसिव्ह ट्रान्स, प्रोग्रेसिव्ह हाऊस, हणजूणच्या पार्ट्यांपासून चालत आलेलं, रात्रभर एकाच ठोक्यावर जाणारं. वाईट नाहीये ते, पण तू शोधतोयस ते १९६९ च्या आसपास इंग्लंडात सुरू झालेलं, किंग क्रिमसन, येस, जेनेसिस या मंडळींचं, जिथे ठोका कधी बदलेल याचा भरवसा नाही. म्हणून तो शब्दच सोडून दे. 'मॅथ रॉक', 'पोस्ट रॉक', 'प्रोग मेटल', 'इन्स्ट्रुमेंटल' असं टाक, आणि पुढे गोवा न लिहिता पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को असं गावाचं नाव लिही. बरेच बँड स्वतःला प्रोग म्हणवून घेतच नाहीत, लाजतात की काय कोण जाणे, 'अल्टरनेटिव्ह' लिहून मोकळे होतात.

लिस्ट देत नाही, रागावू नकोस. आज दिली तर दिवाळीपर्यंत निम्मी शिळी होईल. गिटारवाला क्रूझवर सहा-आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन जातो, बासवाल्याचा पोर्तुगीज पासपोर्ट येतो आणि तो पोर्तुगालला, उरलेले दोघे नवीन नाव घेऊन परत सुरू करतात. त्यामुळे बँडच्या नावाच्या मागे न लागता माणसं धर. पहिला धरायचा तो ड्रमर. गिटार वाजवणारे गल्लीत चार सापडतील पण साताचा ठेका न घसरता धरणारा ड्रमर क्वचित, म्हणून एकच ड्रमर तीन-तीन बँडमध्ये असतो. त्याला फॉलो केलंस की तिन्ही बँड आपोआप सापडले. दुसरा साउंडवाला. कन्सोलवर उभा असलेला, काळा टी-शर्ट, कोणाशी न बोलणारा. शो संपल्यावर वायरी गुंडाळताना त्याला विचार, "बाब, हल्ली चांगलं कोण वाजवतंय?" मला आजवर सगळ्यात खरी नावं त्या लोकांनीच दिलीयत, कारण त्यांना दर आठवड्याला सगळ्यांचं ऐकावं लागतं आणि कोणाचं कौतुक करायची गरज नसते.

पोस्टर वाचताना मोठी अक्षरं सोड, खाली बारीक 'ओरिजिनल्स' लिहिलंय का बघ. ते नसेल तर रात्रभर दुसऱ्यांचीच गाणी ऐकायची तयारी ठेव.

आणि एक, शोधायचं तर पावसाळ्यात. जूनमध्ये किनाऱ्यावरचे शॅक मोडतात, हॉटेलातली कामं कमी होतात, लग्नं थांबतात. ऑक्टोबर ते मे जी पोरं रोज संध्याकाळी टुरिस्टांसाठी तीच वीस गाणी वाजवून पोट भरतात, ती या चार महिन्यांत स्वतःचं काहीतरी रचत असतात. दोन वर्षांमागे शिवोलीत एका गॅरेजमध्ये अशी प्रॅक्टिस बघायला गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, आत दोन अँप, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, आणि ड्रमरच्या उजव्या हाताला ड्रमशेजारी चक्क घुमट, आपलं ते मातीचं वाद्य, टांगलेलं. दमट हवेनं त्याचं बकऱ्याचं कातडं सैल पडून आवाज भद्द येत होता, तर पठ्ठ्या प्रत्येक गाण्याआधी ते शंभरच्या बल्बखाली धरून तापवत होता. आधी घोरपडीचं कातडं लावायचे, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आली, म्हणून आता बकऱ्याचं. चतुर्थीच्या आरतीला जे वाजतं तेच, २०१९ साली सरकारनं ज्याला राज्याचं वारसा वाद्य केलं तेच. ते त्या अवघड ठेक्यात मधेच घुमलं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

प्रश्न : मी फोंड्याला तबल्याचे क्लास घेतो, वय ६१. मुलगा इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. परवा म्हणाला, बाबा हे गाणं सातात आहे, तुमचा रूपकच. मला तरी तो रूपक वाटला नाही. कोण बरोबर?

मास्तर, दोघेही, पण तुम्ही जरा जास्त. मुलानं बहुतेक पिंक फ्लॉइडचं 'मनी' ऐकवलं असणार, १९७३ चं, सात म्हटलं की पोरं तेच काढतात. त्यात बास गिटारची ओळ सात मोजून परत पहिल्यावर येते, हे खरंच. पण रूपकाची गंमत तुम्हाला मी काय सांगणार, तीं तीं ना, धी ना, धी ना, समेवरच खाली. हात हलका पडतो तिथे. रॉकवाला पहिल्या मात्रेवर बास ड्रम असा हाणतो की शेजारच्या घरातली भांडी वाजतील. आकडा तोच, वजन उलटं. त्यात त्या गाण्यात गिटारचा सोलो आला की सात सोडून सरळ चारात जातात, ठेकाच बदलून टाकतात, तुमच्या क्लासात असं केलं तर पोराच्या बोटांवर पट्टी बसेल.

तरी एक प्रयोग करा. त्याच्याकडून आणखी दोन-तीन गाणी मागून घ्या आणि हातावर टाळी-खाली धरत ऐका. पाचात असेल तर झपतालासारखं दोन-तीन, दोन-तीन सापडतं का बघा, नसेल तर तीन-दोन असेल. आणि जिथे सगळी वाद्यं मिळून एकच अवघड तुकडा दोन-तीनदा घेऊन एकदम एका ठिकाणी उतरतात ना, तिथे तुमच्या तोंडून "वा" गेलं नाही तर मला परत लिहा. तिहाईच ती, वेगळ्या कपड्यांतली. फरक एवढाच की ख्यालात विस्तार जागेवर सुचतो, यांचं बहुतेक सगळं आधी ठरवून महिनोन् महिने घोटलेलं असतं. त्या बाबतीत हे लोक मैफलीपेक्षा आपल्या घुमटावर सुवारी वाजवणाऱ्यांना जवळचे.

लांबीबद्दलही तुम्ही पुढे लिहिलंय, की अठरा मिनिटांचं गाणं कशाला हवं. मास्तर, हे तुम्ही म्हणावं? तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो' १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानातल्या तबकडीवर गेलं, ते साडेतीन मिनिटांच्या आसपासचं, कारण ७८ आरपीएमच्या जुन्या रेकॉर्डवर तेवढंच मावायचं. बाईंची मैफल काय साडेतीन मिनिटांत संपत होती? तसंच रॉकचं झालं, रेडिओसाठी तीन मिनिटं, मग एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळतायत म्हटल्यावर येसनं १९७२ मध्ये एक अख्खी बाजू एकाच गाण्याला देऊन टाकली. जागा मिळाली की माणूस पाय पसरतोच. बाकी काही जण उगाच पसरतात, ते मान्य.

प्रश्न : आवडलेल्या बँडला मी स्पॉटिफायवर फॉलो करते, सगळी गाणी प्लेलिस्टमध्ये टाकलीयत. त्यांना याचे पैसे मिळतात ना? — मडगाव

मिळतात असं म्हणण्यापुरते. तिथला हिशोब असा की गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरतात. मग गाणं दोन मिनिटांचं असो नाहीतर सतरा मिनिटांचं, स्ट्रीम एकच. म्हणजे प्रोगवाल्यानं लांब गाणं केलं की तो सुरुवातीलाच तोट्यात. त्यात २०२४ पासून नियम आलाय, मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच धरत नाहीत. आपल्याकडच्या एखाद्या बँडचं दहा मिनिटांचं गाणं हजारदा वाजायला काय लागतं, तुम्हीच विचार करा.

तुम्ही करताय ते बंद करू नका, त्यानं गाणं दुसऱ्यांपर्यंत पोचतं. पण पैसे द्यायचे तर थेट द्या. बँडकॅम्पवर, म्हणजे बँडकडून थेट गाणी विकत मिळतात त्या साईटवर, असतील तर अल्बम विकत घ्या, ते डिजिटलवर साधारण १५ टक्के आणि वर पेमेंटचा खर्च कापतात, बाकी बँडला. नसतील तर सरळ मेसेज करा, "अल्बमच्या फाईल पाठवा, यूपीआय सांगा". मी असं केलं तेव्हा एका पोरानं दोनदा विचारलं, "खरंच पाहिजेत? फ्री आहेत ना तिकडे." टी-शर्ट असेल तर घ्या, काळाच असणार, इलाज नाही. आणि गिगला गेस्ट लिस्टमध्ये नाव टाकायला सांगू नका. ओळखीचे सगळे फुकट आणि अनोळखी कोणी येतच नाही, असं होऊन गेट कलेक्शनमधून ड्रम किटचं भाडंही सुटत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, त्या यादीत एकदा माझंही नाव होतं.

प्रश्न : म्हापशाजवळ माझं छोटं कॅफे आहे, अंगण धरून चाळीसेक माणसं बसतात. महिन्यातून एकदा अशा बँडला बोलवावं असं मनात आहे. पण आजूबाजूला घरं आहेत, आणि गिऱ्हाईक पळून जाईल अशी भीती वाटते.

ताई, पहिलं घरांचं. बाहेर स्पीकर लावायचा तर परवानगी घ्या, आणि रात्री दहाला बंद म्हणजे बंद, सकाळी सहापर्यंत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत बंद हॉलला सूट आहे, तुमचं अंगण त्यात बसत नाही. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, एकटा ड्रम सेट जवळून मोजला तर शंभराच्या आसपास जातो, तेव्हा बँडला आतल्या खोलीत बसवा, दारं-खिडक्या लावा, माणसं पंचवीसच घ्या. वेळ सहा ते साडेआठ ठेवा. शेजारच्या आजींना आधी जाऊन सांगून या, जाताना काहीतरी गोड न्या, परवानगीइतकंच ते महत्त्वाचं. बँड स्वतःचीच गाणी वाजवणार असला तरी ते आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) मेंबर आहेत का हे विचारून घ्या, असतील तर लायसन्सचा प्रश्न येतो.

आता गिऱ्हाईक. इथे माझी एक जुनी जखम आहे. किनाऱ्याकडच्या एका गार्डन रेस्टॉरंटमध्ये, नाव नको, ओळखीच्या पोरांचा शो होता. तिसरं गाणं चौदा मिनिटांचं. सातव्या-आठव्या मिनिटाला ते हळू होत होत फक्त एका गिटारवर येतं, पुढे सगळं परत उसळतं. तर नेमकं त्या शांत जागी मॅनेजरनं वेटरच्या हाती चिठ्ठी पाठवली, बिअरच्या बिलाच्या मागे लिहिलेली, 'टेबल ६ बर्थडे, प्लीज'. गिटारवाल्यानं वाजवता वाजवता ती वाचली. बासवाल्याकडे बघितलं. आणि त्याच सुरावरून सरळ हॅपी बर्थडेत शिरला. टेबल सहानं टाळ्या वाजवल्या, केक कापला, आणि गाण्याचा उरलेला अर्धा भाग त्या रात्री काही वाजला नाही. कोणाला कळलंसुद्धा नाही.

म्हणून सांगतो, त्या दिवशी कॅफे नेहमीसारखं चालू ठेवू नका. जेवणाची ऑर्डर गाण्यांच्या मधल्या वेळात, मिक्सर बंद, बर्थडे दुसऱ्या दिवशी. तीनशे रुपये एन्ट्री लावा, त्यात चहा आणि एक प्लेट मिरची भजी द्या, आणि एन्ट्री बँडला द्या. खुर्च्या कमी पडल्या तर सतरंजी टाका. आपली माणसं जत्रेत रात्रभर दशावतार बघत मांडी घालून बसतात, भजनी सप्ताहाला चोवीस तास पाळीनं बसतात, त्यांना बसायला शिकवावं लागत नाही, फक्त समोर ग्लास आणि मेन्यू कार्ड नको. पहिल्या वेळी बारा जण येतील. बारा आले तर घाबरू नका, त्यातले आठ दुसऱ्या वेळी परत आले का तेवढं बघा.

प्रश्न : गिगला गेलो की दोन दिवस कानात शिट्टी वाजते. काय करू? — वास्को

फार्मसीत फोमचे इअरप्लग मिळतात, ते खिशात ठेव, स्पीकरच्या तोंडासमोर उभा राहू नकोस, मागे कन्सोलच्या जवळ थांब. साउंडवाला सगळं तिथल्या कानांनी जुळवत असतो, त्यामुळे ऐकायलाही तीच जागा सगळ्यात चांगली. शिट्टी वारंवार वाजत असेल तर मात्र मला पत्र लिहीत बसू नकोस, कानाच्या डॉक्टरकडे जा.