बाप्तिस्मा झाला, आता दुकानाचं काय?

भावा, बाप्तिस्म्यानंतर लगेच मोठमोठ्या प्रार्थनांच्या मागे लागू नकोस. तुझं किराणा दुकान आहे, तर आधी तराजू बघ. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाचं पहिलंच वचन खोट्या तागडीबद्दल आहे. परमेश्वराला तिचा वीट येतो. गिऱ्हाईक लहान मूल असलं तरी माप पुरतं द्यायचं. पूर्वी कुणाला फसवलं असशील तर पैसे परत करून ये. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जकातदार जक्कय, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत द्यायला निघाला होता. हे जड जाईल, पण टाळू नकोस.

विश्वास म्हणजे हात जोडून बसणं, असं काहीजण सांगतील. त्यांना पंडिता रमाबाईंचं केडगाव दाखव, जिथं त्यांनी निराधार मुलींसाठी आश्रम चालवला. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. पैशांसाठी प्रार्थना केली, आणि विहिरी खणल्या, शेती केली, छापखानाही चालवला. मला तर दोन्ही एकच वाटतं.

उधारीची चिंता रात्री छळेल तेव्हा मत्तयचा सहावा अध्याय मोठ्यानं वाच, घरच्यांना शेजारी बसवून. आणि अडलंस तर रविवारची वाट बघू नकोस, पाळकांकडे सरळ जा.