तीन लाखांचं ऑटोमॅटिक घड्याळ घेण्यात खरंच अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा: बोनस हातात आलाय, तीन लाखांपर्यंतचं स्विस ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं स्वतःच चावी भरणारं घड्याळ) घ्यावं का, पैसे वसूल होतात का. आणि शेवटी हळूच जोडलंय, 'बॅटरी नाही म्हणजे मेंटेनन्सही नाही, बरोबर ना?'

साफ चूक. घ्यावं की नाही ते नंतर बघू, आधी हे शेपूट. 'चालतंय ना, मग उघडायचं कशाला' हे ऐकून कान किटलेत. पाचशे रुपयांच्या घड्याळाचा मालक असं म्हणाला तर समजू शकतो. तीन लाखवाले म्हणतात तेव्हा काय बोलायचं?

उदाहरणाला ईटीए या स्विस कंपनीचं २८२४-२ घेऊ, म्हणजे घड्याळाच्या आतलं मशीन. हे मशीन इतक्या कंपन्यांनी वापरलंय की कुठल्याही जाणत्या कारागिराच्या टेबलावर ते कधी ना कधी येतंच. २५ ज्वेल (चाकांचे आस ज्यात फिरतात ती माणकं), तासाला २८,८०० ठोके, पूर्ण चावीवर साधारण ३८ तास. सेकंदाला आठ ठोके म्हणजे दिवसाला ६,९१,२०० आणि वर्षाला पंचवीस कोटींच्या वर. आता समजा असं एक घड्याळ आठ-नऊ वर्षं रोज वापरलेलं आहे, एकदाही न उघडलेलं, आणि मालक छाती फुगवून सांगतोय की आठवड्यात मिनिटाचाही फरक पडत नाही.

टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) डायल वर करून ठेवलं की दिवसाला +४ सेकंद दिसतात. मालक खूश. पण त्याच पडद्यावर शेजारी अ‍ॅम्प्लिट्यूडचा आकडा असतो, म्हणजे बॅलन्स व्हील, मागंपुढं झुलत वेळ मोजणारं चाक, मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश झुलतं ते. तिथं १९५. क्राउन (चावी द्यायचं बाजूचं बटण) खाली करून उभं धरलं की आकडा १६० वर येतो आणि चाल दिवसाला उणे पंचवीस सेकंदांवर. ठणठणीत मशीन पूर्ण चावीवर, आडवं असताना २७० ते ३१० च्या दरम्यान झुलतं, उभं केलं की थोडं कमी. इथं दम संपलेला आहे. मग वेळ बरोबर कशी दाखवतं? दिवसभर हात वर-खाली होतो, रात्री घड्याळ टेबलावर पडून असतं. एका स्थितीत ते पुढं जातं, दुसऱ्या स्थितीत मागं पडतं, आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. वेळ बरोबर आणि तब्येत बरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला या लोकांना पटवून द्यायचंय.

न उघडताही एक परीक्षा करता येते. क्राउननं हळूच चावी द्या आणि घड्याळ कानाशी धरा. आतला रोटर, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणारं वजन, भोवऱ्यासारखा गरगर फिरताना ऐकू आला, तर रोटरचं फिरणं स्प्रिंगपर्यंत पोचवणारी रिव्हर्सिंग व्हील्स अडकायला लागलीत. २८२४ चं हे जुनं दुखणं. ही चाकं सुकली तरी अडकतात आणि कुणी उत्साहानं थेंबभर तेल सोडलं तरी अडकतात. ती पातळ वंगणाच्या द्रावणात बुडवून वाळवायची असतात.

उघडल्यावर दहापट भिंगातून ज्वेलच्या भोकाशी बघा. तिथं तेलाचं पारदर्शक कडं हवं. त्याऐवजी तपकिरी, गंजासारखी भुकटी दिसते. ती बाहेरून आलेली धूळ नव्हे. ज्वेल म्हणजे कृत्रिम माणिक, ते झिजत नाही. झिजतो तो त्यात फिरणारा पोलादी पिव्हट, म्हणजे चाकाच्या आसाचं बारीक टोक, आणि ही भुकटी त्याचीच. तेल सुकल्यावरही घड्याळ थांबत नाही, कारण मेनस्प्रिंगला, म्हणजे चावीनं गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगला, जोर भरपूर असतो. त्या जोरावर ते स्वतःलाच कानशीसारखं घासत राहतं. वेळेवर उघडलं असतं तर धुऊन, तेल देऊन भागलं असतं. आता चाक बदलायचं. २८२४ ची चाकं मिळतात. कंपनीचं स्वतःचं खास मशीन असेल तर बरेच ब्रँड बाहेरच्या कारागिराला सुटे भाग देतच नाहीत, मग त्यांचंच सर्व्हिस सेंटर आणि त्यांचाच आकडा.

मेनस्प्रिंगचंही असंच. ऑटोमॅटिकमध्ये तिचं बाहेरचं टोक खिळ्याला अडकवलेलं नसतं, ते बॅरलच्या, म्हणजे तिच्या डबीच्या, भिंतीला घट्ट टेकून राहतं आणि चावी पूर्ण भरली की घसरतं. कुठे घसरायचं ते भिंतीवरचं खास ब्रेकिंग ग्रीस ठरवतं. ते सुकलं की स्प्रिंग अर्ध्या वाटेतच घसरते आणि ३८ तासांचे पंचवीस होतात. शनिवारी संध्याकाळी काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी बंद मिळतं, आणि मालक म्हणतो, 'परवापर्यंत तर मस्त चालत होतं!'

सर्व्हिस म्हणजे काय तेही सांगतो, कारण 'अर्ध्या तासात ऑइलिंग करून देतो' म्हणणारे गल्लोगल्ली आहेत. मागचं झाकण उघडून तेलाचे दोन थेंब किंवा अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवणं म्हणजे सर्व्हिस नाही. आधी स्प्रिंगचा ताण सोडायचा, काटे आणि डायल काढायची, मग बॅलन्स, पॅलेट फोर्क (टिकटिक करणारा छोटा काटा), गिअर ट्रेन, बॅरल असं सगळं सुटं करायचं. मशीनमध्ये एक धुणं, दोन खळबळणं, गरम हवेत वाळवणं. मेनस्प्रिंग नवीन. तेल एकच नसतं. बॅलन्स आणि एस्केप व्हीलच्या (पॅलेट फोर्कला ढकलणारं चाक) बारीक पिव्हट्सना मोबियस कंपनीच्या ९०१० सारखं पातळ, बॅरल आणि सेंटर व्हीलला एचपी१३०० सारखं जाड, पॅलेटच्या माणकांना ९४१५, आणि क्राउनकडच्या भागांना ग्रीस. बॅलन्सच्या पिव्हटवर झाकणासारख्या बसणाऱ्या कॅप ज्वेलवर थेंब ज्वेलच्या व्यासाच्या निम्म्या ते दोन तृतीयांश इतकाच, जास्त झाला की ओघळून नको तिथं जातो. पॅलेट फोर्कच्या पिव्हट्सना सहसा तेल लावतच नाहीत, हा प्रश्न कारागिराला विचारून बघा. 'सगळीकडे लावतो' म्हणाला तर घड्याळ उचला आणि निघा.

शेवटी गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं रबरी कडं. काचेचं, मागच्या झाकणाचं, क्राउनचं. रबर कडक होतं आणि मुंबई-कोकणच्या हवेत, घामात, पाणी आत शिरायला तेवढं पुरतं. '३० मीटर' लिहिलेलं घड्याळ घालून पोहायला जाऊ नका, ते हात धुण्यापुरतं आणि पावसाच्या शिंतोड्यांपुरतं. गरम शॉवर तर कुठलंच घालून नको. संशय आला तर कारागीर करतात ती साधी चाचणी: घड्याळ चाळीसेक अंशांना गरम करायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवायचा आणि पुसायचा. काचेच्या आतून धुकं दिसलं की ओल आत पोचली.

आता तुमचा प्रश्न. अचूकतेसाठी घेत असाल तर घेऊ नका. साधं बॅटरीवालं क्वार्ट्झ महिन्याला पंधराएक सेकंद चुकतं. कॉस्क या स्विस तपासणी संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र असलेल्या मशीनला दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंद चालतात. गुंतवणूक म्हणून तर अजिबात नको. २०२२ च्या सुरुवातीला सेकंडहँड बाजारात काही मॉडेल्सचे भाव आभाळाला टेकले होते, नंतर उतरले. तीन लाखांतली बहुतेक घड्याळं दुकानाच्या पायरीवरच किंमत सोडतात. आणि मशीनसाठीच जास्त पैसे मोजतोय असं समजू नका. हेच २८२४ चार दर्जांत येतं आणि किमतीत पाच-सहा पट फरक असलेल्या घड्याळांत बसतं. जास्तीचे पैसे केसच्या धारदार कडा, घासलेल्या आणि चकचकीत भागांमधली स्वच्छ रेघ, काट्यांची कड, ब्रेसलेटचा सांधा यांचे असतात. भिंगाखाली हे बघून तुम्हाला आनंद होत असेल तर पैसे वसूल, नसेल तर नाही. (म्हणूनच सर्व्हिसला देताना कागदावर लिहून द्या: पॉलिश करू नये. एका पॉलिशमध्ये त्या कडा गोल होतात आणि परत येत नाहीत.)

घ्यायचंच ठरलं तर आधी त्या ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून त्याच मॉडेलच्या पूर्ण सर्व्हिसचा आजचा दर विचारा. तो ऐकून पोटात गोळा आला तर घड्याळ तुमच्या ऐपतीबाहेरचं आहे, मग बोनस कितीही असो. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतंच आणि तेवढी रोकड दुकानदार घेऊ शकत नाही. 'बिल नको, कमी करतो' म्हणणाऱ्याकडून वॉरंटी कार्डही भरवशाचं मिळणार नाही.

नुसतं टिकटिक आणि चावीचं आकर्षण असेल तर आधी एखादं जुनं हातानं चावी द्यायचं एचएमटी घ्या, जनता वगैरे. सतरा ज्वेल, साधं मशीन, कुठलाही जुना घड्याळजी उघडू शकतो. फक्त ऑनलाइन दिसणारी लाल-निळ्या रंगांची झगमगीत डायल टाळा, ती बहुतेक नव्यानं रंगवलेली असतात.

वर ठासून बोललो, त्याला थोडी पाचर मारतो. दर पाच वर्षांनी उघडलंच पाहिजे असा नियम नाही. आधुनिक तेलं जास्त टिकतात, रोलेक्स स्वतः साधारण दहा वर्षं सांगतं, ओरिस कंपनीच्या कॅलिबर ४०० या मशीनलाही दहाच, आणि दहा वर्षांनी उघडलेलं मशीन आतून स्वच्छ निघाल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून तारखेवर जाऊ नका, अ‍ॅम्प्लिट्यूड बघा. वर्षातून एकदा टाइमग्राफरवर ठेवायला पाच मिनिटं लागतात. घड्याळ अचानक दिवसाला मिनिटभर पुढं जायला लागलं तर मात्र सर्व्हिसला पळू नका. बहुधा हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व आलंय, लॅपटॉपच्या स्पीकरपासून किंवा फोनच्या मॅग्नेटवाल्या कव्हरपासून. डिमॅग्नेटायझरवर दहा सेकंदांचं काम.

तारीख क्राउननं बदलायची तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये नको. त्या वेळात तारखेचं चाक आधीच दातात अडकलेलं असतं, जोर दिला की दात तुटतो. काटे सहावर आणा आणि मग बदला.