फ्रेम एकाची, इंजिन दुसऱ्याचं: म्हणून गाडी जुगाड ठरत नाही

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. माळ्यावरच्या सायकलीच्या फ्रेमवर इंग्लिश कंपनीचं नाव, इंजिनावर ‘मिनर्व्हा’, आणि बघणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘नंतर कुणीतरी जोडलंय.’ माझ्या गाडीनंही हेच ऐकलंय.

अहो, तेव्हा रीतच ती होती! मिनर्व्हा ही बेल्जियममधल्या अँटवर्पची कंपनी. तिच्या सिल्व्हेन डी याँग यांनी १८९७ मध्ये सायकली बनवायला घेतल्या, पाठोपाठ सायकलला आवळता येतील अशी छोटी इंजिनं काढली आणि ती इतर सायकलवाल्यांनाही विकली. ट्रायम्फ या इंग्लिश कंपनीची १९०२ ची पहिली मोटरसायकल मिनर्व्हाच्याच इंजिनावर धावली. मोटारी मिनर्व्हानं पुढे केल्या. फ्रान्सच्या द दियाँ-बूताँची इंजिनंही कितीतरी कारखाने विकत घेत.

हे मी माझ्या गाडीच्या नोंदणीसाठी एका कार्यालयात जीव तोडून सांगितलं. फाइलवर शेरा आला: ‘इंजिन व सांगाडा भिन्न उत्पादकांचे, सबब अमान्य.’ जुन्या कॅटलॉगची पानं दाखवली, तर म्हणे, ‘कंपनीचं पत्र आणा.’ मिनर्व्हा बंद पडून जमाना झाला, पत्र देणार कोण? वर तिथल्याच एकानं हळूच सुचवलं, ‘फ्रेमवर नवा नंबर ठोकून घ्या, काम होईल.’ हे मात्र मेलात तरी करू नका. बनावट नंबर म्हणजे गुन्हा तर आहेच, शिवाय अस्सल गाडी कायमची संशयात जाते. आक्षेप तोंडी ऐकून परतू नका, लेखी मागा. कागदावर आला की त्याला मुद्देसूद उत्तर देता येतं. माझी सगळी दगदग त्या एका शेऱ्यापायी झाली.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी ‘व्हीए’ (व्हिंटेज) नोंदणी आहे. मी वकील नाही, तेव्हा तुमची कागदपत्रं जाणकाराकडून तपासून घ्या.

आणखी एक: सँडब्लास्टिंगवाल्याला, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं रंग-गंज उडवणाऱ्याला, गाडीजवळ फिरकू देऊ नका. इंजिनाच्या पकडीखालचा रंग तसाच राहू द्या. इंजिन मुळापासून तिथं होतं का, ते तिथंच कळतं. टाकीत हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल साठवून ठेवू नका. माझं मत विचाराल तर चालवायची घाईसुद्धा नको.

फ्रेमच्या खालच्या नळीवरची इंजिनाची पकड, मागच्या चाकाची पट्ट्याची पुली आणि इंजिनावरचा नंबर, एवढ्याचे फोटो टाका. पूर्ण गाडीच्या फोटोवरून काही सांगता येत नाही.