पुणे–लंडन: अंतर किती आणि प्रत्यक्षात वेळ किती?

तुमचा प्रश्न असा: एका साइटवर पुणे–लंडन 7,300 दिसतं, दुसरीवर 4,550, आणि मुंबईच्या तिकिटावर दुपारी 1 ला सुटून संध्याकाळी 6 ला पोहोच. मग खरं काय?

पहिले दोन्ही आकडे बरोबर आहेत. 7,300 किलोमीटर आहेत, 4,550 मैल. हे लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते हीथ्रो (लंडनचा) पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत कमी अंतर. विमान अगदी त्याच रेषेवरून कधीच जात नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला. अशा वेळी त्याच दोन शहरांसाठी कंपनीगणिक वेळ बदलते.

तिकिटावरचे पाच तास फसवे आहेत, कारण दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. म्हणजे हिवाळ्यात 5 + साडेपाच = साडेदहा तास. ताशी 900 किलोमीटरने भागलं तर आठच येतात, पण जाताना वारा समोरून असतो, शिवाय धावपट्टीपर्यंतचं रांगणं आणि हीथ्रोवर उतरण्याआधीच्या आकाशातल्या घिरट्या यातच धरलेल्या असतात. येताना तोच वारा पाठीशी, त्यामुळे साधारण तासभर वाचतो.

आता पुण्याची अडचण. लोहगावहून लंडनला थेट विमान नाही. धावपट्टी हवाई दलाची, जेमतेम अडीच किलोमीटरची, त्यात गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 590 मीटरवर. उन्हाळ्यात हवा विरळ होते आणि इंधनाने गच्च भरलेल्या मोठ्या विमानाला ती लांबी अपुरी पडते.

मुंबईहून 1 चं विमान असेल तर 10 ला सहारला (मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर) हजर हवं, म्हणून पुण्यातून पहाटे 5 ला निघा. घाट मोकळा असेल तर चार तास पुरतात. शनिवारची सकाळ किंवा पावसाळा असेल तर आणखी दोन तास हाताशी ठेवा. लंडनला इमिग्रेशन आणि सामान धरून घर ते विमानतळाबाहेर एकोणीस-वीस तास होतात.

पुण्याहूनच विमानाने दुबईमार्गे गेलात तर अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर वाढतं (2,050 + 5,500), दिल्लीमार्गे सहाशेच्या आसपास. घाट टळतो, हा मोठा फायदा. पण दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) असतील तरच. वेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान लेट झालं, तर पुढचं तिकीट बुडालं म्हणून समजा. दुसरी कंपनी ऐकत नाही. दुबईत सामान घ्यायला बाहेर यावं लागलं तर तिथल्या व्हिसाचा प्रश्न वेगळाच. दिल्लीत मध्ये किमान तीन तास ठेवा, डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे पाच. आणि दोन्ही विमानांचं टर्मिनल एकच आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बघा. बॅग थेट लंडनपर्यंत टॅग झाली का, तेही लोहगावच्या काउंटरवरच विचारून घ्या. टॅगवर एलएचआर (LHR, हीथ्रोचा कोड) छापलेलं दिसलं पाहिजे.