शहाबादी फरशीवरचा डाग

सप्रेम नमस्कार,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. त्यात मुलीचे नीटचे दोन्ही वेळचे गुण आहेत, तिसऱ्यांदा भरलेली क्लासची फी आहे, भावकीतल्या मुलांच्या ॲडमिशन आहेत. तिला काय हवंय, याला मात्र एकच ओळ : "भूविज्ञान घेऊन सोनं शोधायचं खूळ शिरलंय डोक्यात." आणि तीन आठवडे ती जेवताना कुणाशी बोलत नाही, हे शेवटी, जाता जाता लिहिलंय. मला आधी तेच खुपलं. वीस वर्षांच्या मुलीची फी भरताना तिला एकदा विचारलंत का? पत्रावरून तसं वाटत नाही. हे चुकलंय तुमचं.

तमिळनाडूतल्या येरकाडच्या सहलीत सेलमजवळ उचललेल्या पांढऱ्या दगडावर तिनं बाथरूमचं ॲसिड टाकलं. दगड ढिम्म. थेंब ओघळून शहाबादी फरशीवर पडला, ती फसफसली, डाग राहिला. तुम्ही दगडांची पिशवी माळ्यावर टाकलीत. ॲसिडवरून रागावलात ते योग्यच. पण "हा का नाही फसफसला?" हे तिचं विचारणं कुणी ऐकलं? सेलमच्या त्या टेकड्यांना इंग्रजांनी 'चॉक हिल्स' म्हटलं, पण तिथे खडू नाही. त्या पांढऱ्या शिरा मॅग्नेसाइट नावाच्या खनिजाच्या. पोलादाच्या भट्टीतल्या विटांना तो लागतो. शहाबादी म्हणजे चुनखडक, थंड ॲसिडनं लगेच फसफसतो. मॅग्नेसाइटचा खडा जवळजवळ गप्प राहतो. पोरीनं नेमकं बोट ठेवलंय.

"आयुष्यभर रानात हिंडून काहीच सापडलं नाही तर?" असं तुम्ही विचारता. अहो, भूवैज्ञानिकाचा पगार सोनं सापडण्यावर ठरत नाही. पहिल्या टप्प्यात, सरकारी भाषेत जी-४ मध्ये, नकाशा घेऊन नाल्यानाल्यातला गाळ पिशवीत भरायचा, नंबर घालायचा. प्रयोगशाळेतून तांबं, शिसं, जस्ताचे आकडे आले की जिथे ते चढलेत तिथून ओढ्याच्या उगमाकडे चालत सुटायचं. मग मातीचे नमुने, चर, आणि सगळं जुळलं तरच ड्रिलिंग. बहुतेक जागा त्याआधीच सोडून द्याव्या लागतात. 'इथे ड्रिल लावू नका' हे पुराव्यानिशी लिहिणं हासुद्धा पुरा झालेला शोध असतो, त्यानं मोठा खर्च वाचतो. सराफकट्ट्यावरची माती धुणाऱ्या झारेकऱ्याला विचारा, प्रत्येक पाटीत कण निघतो का? आणि नुसतं सापडूनही भागत नाही. कोलारची खाण २००१ साली बंद झाली, कारण तिथलं सोनं काढणं परवडेना.

वाट सांगतो : बी.एस्सी., जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी., मग यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. खनिजशोध करणाऱ्या एमईसीएल या सरकारी कंपनीचं मुख्यालय तर नागपुरातच आहे.

तिलाही एक सांगायचंय. बाळ, महिनोन्‌महिने कँपवर राहून, उन्हात, गाळाच्या सारख्याच पिशव्या भरायच्या असतात. सोन्याच्या चमकीसाठी जाणार असशील तर जाऊ नकोस. आपल्या काळ्या कातळात सोनं-तांब्यासारखे धातू फारसे नाहीत. विदर्भातल्या जुन्या खडकांत आहेत, चंद्रपूरकडे ठाणेवासन्याला तांबं आहे. सुट्टीत तिकडे एखाद्या कँपवर जाऊन ये, मग ठरव.

आणि तुम्ही ती पिशवी माळ्यावरून काढून द्या. त्या दगडाची पूड करून, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बाईंसमोर, कोमट ॲसिडमध्ये टाकायला सांगा. बुडबुडे आले का, ते मला तिनंच लिहून कळवावं.