वहीचं ४७वं पान

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी गुण चांगले होते, पण तिसऱ्या सेमिस्टरला आजारी पडले आणि सेंद्रिय रसायनशास्त्राचा पेपर राहिला. पुढच्या परीक्षेत तो सुटला. गेले सात महिने आमच्या प्राध्यापकांच्या लॅबमध्ये मातीतले जिवाणू वेगळे करून १६एस या, सगळ्याच जिवाणूंमध्ये असणाऱ्या जनुकावरून ते ओळखण्याचं काम करते. त्यातले जवळजवळ तीन महिने पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) बिघडत राहिल्यामुळे गेले. वीसपैकी अकराच नमुने ओळखता आले. छापलेला पेपर नाही, पोस्टर नाही, मी फक्त रोजची कामं केली. एम.एस्सी. आणि उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी अर्ज करायचा आहे. त्यात शैक्षणिक पार्श्वभूमी आणि लॅबचा अनुभव लिहायला सांगितलंय. माझ्याकडे लिहिण्यासारखं काही नाही असं वाटतं. मैत्रीण म्हणते, पैसे भरून एखादा पेपर छापून घे. अर्जाचा मसुदा आणि वहीच्या काही पानांचे फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर : तुझा मसुदा आधी वाचला, वहीची पानं नंतर. ही दोन्ही एकाच मुलीची आहेत यावर विश्वास बसेना. मसुद्यात लिहिलंयस, ‘पीसीआर, जेल इलेक्ट्रोफोरेसिस, डीएनए एक्स्ट्रॅक्शन, सिक्वेन्सिंग आणि ब्लास्ट या तंत्रांत प्रावीण्य’. अशी ओळ मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. नाव झाकलं तर अर्ज कुणाचा ते सांगता येत नाही.

आता वहीचं ४७वं पान बघ. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलचा फोटो चिकटवलेला आहे. डावीकडे लॅडर, म्हणजे लांबी मोजायची मापपट्टी, मग तुझे सहा नमुने, आणि शेवटच्या लेनमध्ये (रांगेत) डीएनएच्या जागी नुसतं पाणी घातलेला निगेटिव्ह कंट्रोल, जिथे काहीच दिसायला नको. त्या पाण्याच्या लेनमध्येही साधारण १५०० बेस पेअर लांबीच्या डीएनएचा स्वच्छ बँड, म्हणजे पट्टी. शेजारी तुझ्या अक्षरात : ‘पाण्यात बँड का? नमुन्यांचे बँड खरे मानता येणार नाहीत.’ खाली तारीख. लॅबमध्ये बाकीच्यांनी सांगितलं असणार की बँड आलेत ना, पाठव सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनएचा क्रम वाचून घ्यायला. तू पाठवले नाहीस. संशोधनाचा अनुभव म्हणतात तो हाच, आणि मसुद्यात त्याचा एक शब्द नाही.

पुढची आठ पानं मी सलग वाचली. आधी पाणी बदललंस, मग प्रायमरच्या (प्रत बनायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) नव्या नळ्या काढल्यास, मग बफर. दर वेळी एकच गोष्ट बदललीस, म्हणून कशामुळे फरक पडला हे कळायची सोय राहिली. मिश्रण बनवायची जागा वेगळी केलीस, फिल्टरच्या टिप वापरल्यास. बँड फिका झाला, गेला नाही. मग संशय एन्झाइमवर आला. तो रास्तच होता. पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती बनवणारं टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम बहुतेक वेळा जिवाणूंमध्येच बनवून घेतलेलं असतं, त्यामुळे त्यात जिवाणूंच्या डीएनएचा अंश राहू शकतो. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण तू शोधत होतीस ते जनुक सगळ्याच जिवाणूंमध्ये असतं, म्हणून तुझ्या कामात तो अंश बँड होऊन उभा राहिला. शेवटी तू एन्झाइमची दुसरी बॅच घेतलीस आणि पीसीआरच्या ३५ सायकलऐवजी २८ केल्यास. प्रत्येक सायकलला डीएनए दुप्पट होतो असं धरलं, तर सात सायकल कमी म्हणजे वाढ १२८ पटींनी कमी. तुझ्या नमुन्यांत डीएनए भरपूर होता, त्यांना २८ पुरल्या. पाण्यातला अंश दिसेनासा झाला. ५५व्या पानावर शेवटची लेन कोरी आहे आणि तिच्याभोवती तू पेन्सिलीने चौकट केली आहेस.

हे तीन महिने वाया गेले असं तू लिहितेस. अर्ज वाचणाऱ्याला नेमके तेच हवे आहेत. पदवीच्या मुलाने मोठा शोध लावावा अशी कुणाचीच अपेक्षा नसते. वाचणारा एवढंच शोधत असतो की आपल्या लॅबमध्ये काही बिघडलं तर ही मुलगी काय करेल. तुझ्याकडे त्याचं तारखेनिशी उत्तर आहे.

म्हणून तंत्रांची यादी शेवटी एका ओळीत ने आणि अनुभवाचा परिच्छेद असा काहीसा सुरू कर : ‘मातीतले २० जिवाणू वेगळे करून १६एस जनुकावरून त्यांची ओळख पटवणे हे माझं काम होतं. सुरुवातीला निगेटिव्ह कंट्रोलमध्ये बँड येत असल्याने मी निकाल थांबवले आणि प्रत्येक घटक एकेक बदलून दूषणाचा उगम शोधला.’ पुढे काय बदललं, काय निष्पन्न झालं, ते तुझ्या शब्दांत. माझी वाक्यं उचलू नकोस. मुलाखतीत परकी वाक्यं लगेच ओळखू येतात.

दोन ठिकाणी मात्र हात आखडता घे. सिक्वेन्सिंग तू केलेलं नाहीस. नमुने बाहेर पाठवले होते, आलेले क्रम तू तपासलेस, सुरुवातीचा गढूळ भाग कापलास, मग ब्लास्ट वापरून आधी माहीत असलेल्या क्रमांशी जुळवून पाहिलेस. तेवढंच लिही, ते पुरेसं आहे. आणि ‘अकरा जाती ओळखल्या’ असंही लिहू नकोस. १६एसवरून प्रजातीपर्यंत (जीनस) सहसा खात्रीने जाता येतं, जातीपर्यंत (स्पीशीज) नेहमीच नाही, ई. कोलाय आणि शिगेला या जिवाणूंचं १६एस जवळजवळ सारखंच असतं. ‘अकरा नमुने प्रजातीपर्यंत ओळखले’ असं लिहिलंस तर जाणकार माणूस तिथे थांबून तुझं नाव पुन्हा वाचेल.

उरलेल्या नऊ नमुन्यांचंही सांग. तुझ्या वहीत त्यातल्या चारांपुढे ‘दुहेरी पीक’ (क्रमात एकाच जागी दोन संकेत) असं लिहिलेलं दिसतं. म्हणजे कॉलनी बहुधा शुद्ध नव्हती, दोन जिवाणू एकत्र वाढत होते. पुन्हा स्ट्रीक करून, म्हणजे ताटलीवर पातळ पसरवून, शुद्ध करायला वेळ उरला नाही, हे सरळ लिही. वेळ मिळाला असता तर पुढचं पाऊल काय टाकलं असतं, तेही एका वाक्यात.

‘आम्ही’ आणि ‘मी’ यांचीही तुझ्या मसुद्यात गल्लत झाली आहे. प्रकल्प प्राध्यापकांचा, पद्धत सिनियरने शिकवली, सायकल कमी करायची कल्पना कुणाची होती ते तुला ठाऊक आहे. ती सिनियरची असेल तर तसं लिही. श्रेय देणाऱ्या मुलांवर लॅबमध्ये विश्वास टाकला जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

गुणांबद्दल थोडक्यात. लपवू नकोस, गुणपत्रिका सोबत जाणारच आहे, आणि न बोललेली गोष्ट जास्त डोळ्यांत येते. तिसऱ्या सेमिस्टरला आजारी होते, एक पेपर राहिला, तो पुढच्या परीक्षेत सुटला, त्यानंतरच्या सेमिस्टरचे गुण असे. एवढं बस. आजाराचं वर्णन नको, माफी नको. उलट कुठले विषय या कामाला उपयोगी पडले ते सांग. रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात शिकलेलं तू कुठे वापरलंस, हे वाचायला मिळालं की गुणपत्रिका आणि लॅब यांचा सांधा जुळतो.

आता मैत्रिणीचा सल्ला. तो ऐकू नकोस, अगदी मनापासून सांगतो. पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणारी जर्नलं क्षेत्रातल्या लोकांना माहीत असतात. वीसपैकी अकरा नमुन्यांचं अर्धवट काम तिथे छापलंस, तर तू इतक्या कष्टाने सांभाळलेला काटेकोरपणा एका ओळीत पुसला जाईल, आणि तो पेपर कायम तुझ्या नावावर राहील. शिवाय माहिती प्राध्यापकांच्या लॅबची आहे. त्यांना न विचारता ती छापणं हा सरळ गैरव्यवहार ठरेल.

पदवीचा विद्यार्थी लॅबमध्ये काय करू शकतो, याबद्दल मला आल्फ्रेड स्टर्टेव्हंट नेहमी आठवतो. कोलंबिया विद्यापीठात आनुवंशशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांच्या फळमाश्यांच्या लॅबमध्ये तो काम करत होता. १९११मध्ये लॅबमध्ये जमलेले आकडे घरी नेऊन, कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून रात्रीतून त्याने गुणसूत्रावरच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला. तो १९१३मध्ये छापला गेला. आकडे नोंदलेले होते, म्हणून ते घरी नेता आले. त्याच लॅबमधला केल्व्हिन ब्रिजेस तर सुरुवातीला बाटल्या धुण्याच्या कामावर होता. बाटलीच्या जाड काचेतून त्याला एका माशीच्या डोळ्यांचा रंग वेगळा दिसला, आणि मॉर्गन यांनी त्याला वेगळं काम दिलं. तुझ्या चिठ्ठीतलं ‘मी फक्त रोजची कामं केली’ हे वाक्य वाचताना मला तोच आठवला.

शिफारसपत्र प्राध्यापकांकडूनच घे, पण मागायला रिकाम्या हाताने जाऊ नकोस. त्यांच्याकडे कामाला बरीच मुलं असतात. ४७ ते ५५ ही पानं त्यांनी पाहिली असतीलच असं नाही. त्या पानांच्या प्रती, एका पानाचा गोषवारा आणि अर्जाची शेवटची तारीख असं घेऊन किमान तीन आठवडे आधी भेट. रोज शेजारी उभ्या असणाऱ्या सिनियरलाही सांगून ठेव. पत्र लिहिण्याआधी सर बहुधा तिलाच विचारतील.

मुलाखतीत कुणीतरी विचारेल, कंट्रोलमध्ये बँड असतानाही नमुने पाठवले असते तर काय झालं असतं? याचं उत्तर आत्ताच, वही समोर ठेवून, मोठ्याने देऊन बघ. अडखळलीस तर सिनियरला विचार. मग मसुदा पुन्हा लिही आणि मला पाठव. या वेळी सुरुवात ४७व्या पानापासून कर.